अन्नकेंद्राची पेटी, नऊ महिन्यांनंतर

आमच्या भागातल्या अन्नकेंद्राचा सभासद होऊन नऊ महिने झाले. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. चौथ्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

आधी व्यवस्था सांगतो. आसपासचे पंधरा-वीस लहान शेतकरी आपला माल एका ठिकाणी आणतात. केंद्र वजन करतं, निवडून प्रतवारी लावतं, कोल्ड रूममध्ये ठेवतं आणि दर गुरुवारी पेट्या भरतं. जिथे ताज्या भाजीचं धड दुकान नाही अशा वस्त्यांपर्यंत त्या पेट्या जातात. दर तीन आहेत : पूर्ण, निम्मा आणि नाममात्र. आपण कुठल्या दरात बसतो ते आपणच सांगायचं, दाखला कोणी मागत नाही. पेटी सगळ्यांना सारखीच. माझी नोकरी सुटली होती तेव्हा पाच महिने मी निम्म्या दरात होतो. रांगेत माझ्या पुढचा माणूस कुठल्या दरातला हे मला कधी कळलं नाही आणि माझंही कोणाला कळलं नसावं. नुसत्या या एका गोष्टीसाठी मी केंद्राला बरंच माफ करायला तयार आहे.

मालाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताजा असतो, क्रेटवर शेतकऱ्याचं नाव आणि तोडणीची तारीख असते. सलग तीन आठवडे तीच भाजी येते, तेव्हा घरात कुरकुर होते. उन्हाच्या दिवसांत पालेभाजी माना टाकून येते.

खरी गोष्ट चौथ्या महिन्यात सुरू झाली. कोल्ड रूमचा कंप्रेसर बंद पडला आणि आठ-दहा क्रेट पालेभाजी खतात गेली. कोल्ड रूम अनुदानातून आलेली, गाडीही तशीच. दुरुस्तीचे पैसे कुठल्याच खात्यात नव्हते. देणाऱ्याला पाटी लावता येईल अशी वस्तू हवी असते. कंप्रेसरच्या दुरुस्तीवर पाटी कशी लावणार? त्याच महिन्यात समन्वयक सोडून गेली, कारण तिचा पगार ज्या अनुदानातून होत होता त्याची मुदत संपली. दोन आठवडे पेट्याच आल्या नाहीत. निरोप आदल्या रात्री अकराला आला. माझं घर कसंबसं निभावलं. नाममात्र दरातल्या घरांनी त्या दोन आठवड्यांत काय केलं असेल, कोण जाणे.

चिडून जाब विचारायला गेलो आणि माझ्या हातात हिशेबाची वही आली. (जाब विचारणाऱ्यांना कामाला लावायची केंद्राची पद्धत उत्तम आहे.) तेव्हापासून गुरुवारी सकाळी मी तराजूपाशी असतो.

तिथे एक ताई सहा क्रेट घेऊन यायच्या. एका गुरुवारी त्यांनी वही मागितली, बाकी बघितली. तीन आठवड्यांचे पैसे थकलेले. काही न बोलता त्यांनी चार क्रेट परत गाडीत चढवले. व्यापारी भाव कमी देतो, पण रोख देतो. आमचं अनुदान असं की आधी खर्च करा, मग पावत्या जोडा, मग पैसे. अनुदान कागदावर मंजूर होतं; खेळतं भांडवल मात्र शून्य. त्या मधल्या सहा-आठ आठवड्यांचा भार शेतकरी उचलत होता.

नव्या अर्जासाठी बसलो तेव्हा बाहेर कसं चालतं ते वाचावं लागलं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या ‘कम्युनिटी फूड प्रोजेक्ट्स’ अनुदानाला जितकी रक्कम मिळेल तितकीच जोड स्वतःची दाखवावी लागते, रोख नाही तर वस्तू किंवा श्रमाच्या रूपात. तिथेच २०२१ ची ‘लोकल फूड पर्चेस असिस्टन्स’ ही योजना मला जास्त पटली, कारण तिचा पैसा थेट स्थानिक माल विकत घेऊन गरजूंना देण्यासाठी होता. पण मार्च २०२५ मध्ये तिची पुढची फेरीच रद्द झाली. एकाच देणाऱ्याच्या भरवशावर पेरणी केलेल्यांचं काय झालं असेल ते आमची वही पाहून कळतं. ब्राझीलची तऱ्हा निराळी. २००३ पासून तिथलं सरकार कुटुंब-शेतकऱ्यांकडून माल घेऊन गरजूंपर्यंत पोचवतं. शिवाय २००९ च्या कायद्याने शाळांच्या जेवणासाठी केंद्र सरकारकडून येणाऱ्या निधीतले तेव्हा किमान ३० टक्के अशा शेतकऱ्यांकडून खरेदीवर खर्च करणं बंधनकारक केलं. म्हणजे मदत नव्हे, गिऱ्हाईक. शेतकऱ्याला कौतुकापेक्षा गिऱ्हाईक कधीही बरं.

जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ नावाने शेतकरी आणि घरं थेट जोडली गेली. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास अशाच विचाराची शेतं सुरू झाली : हंगामाचे पैसे आधी, भाजी नंतर, पीक बुडालं तर तोटा दोघांचा. आम्ही त्यातलं अर्धंच उचललं. पूर्ण दराचे सभासद आता तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरतात. नाममात्र दरातल्यांना हे सांगणं म्हणजे त्यांना बाहेरच काढणं, म्हणून त्यांना आठवड्याचीच मुभा आहे. शिवाय एका मोठ्या स्वयंपाकघराने ठरलेलं वजन दर आठवड्याला घ्यायचं कबूल केलंय. तो माल दिसायला वाकडातिकडा असला तरी चालतो, त्यामुळे नासाडी उतरली.

तक्रारी अजून आहेत. निरोप उशिराच येतात. पेटी चुकली तर पैसे परत मिळायला महिना लागतो. नवी समन्वयक अर्ध्या पगारावर आहे आणि पूर्ण काम करते. हे मला सरळ लबाडीचं वाटतं आणि बैठकीत मी ते बोललोही. नव्या अर्जात पगार आणि दुरुस्ती यांच्या दोन ओळी सगळ्यात वर टाकल्यात. एका देणगीदाराने त्या ओळी बघून विचारलं, “आणि वस्तू काय घेणार?”

नियमित भाजी आणि पसंतीची निवड हवी असेल तर दुकानच बरं. आठवड्याला जे येईल ते शिजवायची तयारी असेल तर सभासद व्हा, आणि जमत असेल तर आगाऊ भरा. पाचपैकी साडेतीन.

परवाच्या गुरुवारी त्या ताईंचे सहाच्या सहा क्रेट उतरले. वहीत त्यांची बाकी एका आठवड्याची आहे.