पुरणयंत्र, चाळणी की मिक्सर?

भाचीने इथे बडोद्यात वाघोडिया रोडला फ्लॅट घेतला. स्वयंपाकघर लहान, कपाटं मोजकी. परवा विचारत होती, "मावशी, होळी, पाडवा नि गौरी, वर्षातून तीनदा लागणाऱ्या पुरणयंत्राला जागा कशाला अडवू? मिक्सर आहे की!"

आधी डाळ कोणती ते ठरवा. इथल्या गुजराती शेजारणींची वेढमी, म्हणजे त्यांची पुरणपोळी, तुरीच्या डाळीची. तूर नीट शिजली की डावाच्या पाठीने घोटली तरी एकजीव होते, तिला यंत्र नकोच. आपली हरभऱ्याची डाळ हट्टी. बोटांत चिरडते म्हणावं, तर एखादा दाणा अख्खा राहतोच, आणि लाटताना नेमका तोच पोळी फाडतो.

मिक्सर इथेच फसवतो. गूळ घालून आटवलेल्या पुरणात पात्याभोवती पोकळी होते नि पातं नुसतंच गरगरतं. मग आपण दोन चमचे पाणी घालतो, पुरण सैल पडतं, तव्यावर पोळी फुटते. गुळाआधी नुसती निथळलेली डाळ थांबत थांबत फिरवली तर जमतं, पण ती कोमट झाल्यावर. कढत डाळ बंद भांड्यात फिरवली की वाफेने झाकण उडतं. माझ्या ओट्यामागच्या टाइल्सनी हे पाहिलंय.

चाळणी म्हणजे पुरणाची, जाड पत्र्याची. पिठाच्या चाळणीची जाळी पहिल्याच वेळी खोलगट होते. पाव किलो डाळ वाटीच्या बुडाने घासून सहज निघते. अर्ध्या किलोला मनगट बोलायला लागतं, आणि तोवर पुरण गार होऊन घट्ट. दोघांच्या घराला मात्र एवढी पुरे. भिंतीला टांगली की जागाही खात नाही.

यंत्राची खरी गंमत त्याच्या स्प्रिंगेत आहे. दांडा फिरवला की तिरपं पातं पुरणाला खाली दाबतं आणि स्प्रिंग पात्याला जाळीवरून उठू देत नाही. दाणा राहिलाच, तर तो वरच राहतो. पुरण कढत असतानाच घाला, नाहीतर दंड भरून येतात.

पण पुरणापुरतं ते घेऊ नका. चक्का आणि साखर यातून काढा, श्रीखंडात गुठळी सापडणार नाही. उकडलेले टोमॅटो घातले तर सालं नि बिया वर, सारासाठी रस खाली. उकडलेले बटाटे मोठ्या भोकांच्या जाळीतून. म्हणूनच स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं हलकं नि स्वस्त असतं, पण आंबट चक्का नि टोमॅटो त्यात नकोत.

धुणं हा मात्र वैताग आहे. पुरण वाळलं की प्रत्येक भोक काडीने कोरावं लागतं. काम झाल्याझाल्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचं.

भाचीला मी यंत्रच घ्यायला सांगितलं. तिच्याकडे पाडव्याला सासरची बारा माणसं जेवायला असतात. दुकानात गुजरातीत समजावून सांगताना तिच्या हातात आधी शेवेचा संचो, म्हणजे सोऱ्या, ठेवला गेला, तो परत केला. मग यंत्र आलं, पण त्याचे पाय तिच्या पातेल्याच्या काठावर बसेनात. तुम्ही जाताना पातेल्याच्या तोंडाचं माप दोरीने घेऊन जा.