तैलचित्रासाठी कॅनव्हासचे अस्तर: सरस-खडू, ॲक्रिलिक जेसो की तेलाचे अस्तर?

तैलरंगाच्या नळ्या निवडताना नवशिक्याला भरपूर सल्ले मिळतात. त्या रंगाखाली काय असावे याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. कोऱ्या कापडावर थेट तैलरंग लावला तर कापड रंगातील तेल ओढून घेते आणि वरचा रंग निस्तेज, भुकटीसारखा होतो. त्याहून गंभीर गोष्ट सावकाश घडते. जवसाचे तेल वाळते म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, आणि त्या क्रियेत तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये सुती किंवा लिननच्या धाग्यांना कालांतराने ठिसूळ करतात. म्हणून कापड आणि रंग यांच्यामध्ये दोन कामे व्हावी लागतात: धाग्यांपर्यंत तेल पोहोचू न देणे आणि रंगाला धरून राहता येईल असा पांढरा पृष्ठभाग देणे. ही कामे करणाऱ्या मधल्या थरालाच अस्तर म्हणतात. ही कामे करण्याच्या तीन पद्धती आज प्रत्यक्ष वापरात आहेत, आणि त्यांतली कोणती घ्यावी हे परंपरेच्या वजनापेक्षा तीन प्रश्नांवर ठरवावे असे माझे मत आहे. खाली कापड आहे की फळी, चित्र कोणत्या हवेत टांगले जाणार आहे, आणि कुंचल्याखाली पृष्ठभाग कसा लागावा असे तुम्हाला वाटते?

सरस आणि खडू

प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेला सरस आणि खडूची किंवा जिप्समची पूड यांचे मिश्रण हा मूळचा जेसो होय. इटलीत जिप्सम वापरत, तर आल्प्सच्या उत्तरेकडे खडू. चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने १४०० सालाच्या सुमारास या कामाची जी रीत नोंदवून ठेवली, तीत आधी जाडसर जिप्समचा थर, मग महिनाभर पाण्यात भिजवून रोज ढवळलेल्या मऊ जिप्समचे आठएक हात, आणि त्यानंतर पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत होईपर्यंत खरवडणे, असा क्रम आहे. ही सारी मेहनत लाकडी फळीसाठी होती, हे आजच्या चर्चेत बहुतेक वेळा निसटते.

फळीवर या अस्तराला तोड नाही. त्याचा पांढरेपणा उजळ असतो, काचपेपरने ते हवे तितके तलम करता येते, आणि ते इतके शोषक असते की पातळ रंगाचा पहिला हात काही मिनिटांत बसतो. बारीक रेषेचे, पारदर्शक थरांचे काम करणाऱ्याला ते आवडेल. ओल्या रंगात ओला रंग मिसळत जाणाऱ्याला त्याचा वैताग येईल. कृती अवघड नाही, पण शिस्तीची आहे. वजनाने एक भाग सरस आणि दहा ते पंधरा भाग पाणी घेऊन रात्रभर भिजवावे, मग दुसऱ्या भांड्यातील गरम पाण्यावर ठेवून विरघळवावे, आणि उकळी कधीही येऊ देऊ नये, कारण उकळलेल्या सरसाची चिकटण्याची ताकद कमी होते. त्यात चाळलेली खडूची पूड हलक्या हाताने मिसळावी. जोरात फेटल्यास हवेचे बुडबुडे अडकतात आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात. सुताराला लागणारा साधा सरस हार्डवेअरच्या दुकानात मिळत असे आणि काही ठिकाणी अजूनही मिळतो, पण त्याची प्रत सारखी नसते आणि रंग गडद असतो. या कामासाठी सशाच्या कातड्याचा सरस म्हणून विकला जाणारा स्वच्छ माल घेणे बरे.

ताणलेल्या कॅनव्हासवर मात्र हे अस्तर लावू नये. ते कडक असते, कापड हलते, आणि हलणाऱ्या कापडावर कडक थराला तडे जातात. सोळाव्या शतकात व्हेनिसचे चित्रकार फळीकडून कापडाकडे वळले तेव्हा त्यांनी जिप्सम-सरसाचा थर विणीची छिद्रे जेमतेम भरतील इतका पातळ ठेवला, आणि पुढच्या शतकात युरोपभर तेलाच्या अस्तरांचाच वापर वाढला. आपल्याकडे तर हवेची अडचण आणखी मोठी आहे. सरस हवेतील ओल सतत घेत आणि सोडत असतो. हवा कोरडी झाली की तो आकसतो आणि कापडाला, पर्यायाने वरच्या रंगाला, जोराने खेचतो. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की तो मऊ पडतो आणि त्याची ताकद जवळजवळ संपते. जुलैमधील मुंबई आणि कोकण यांची सरासरी याच पातळीवर असते, तर एप्रिल-मे महिन्यांतील नागपूर-चंद्रपूरच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. म्हणजे मुंबईत रंगवलेले चित्र विदर्भात गेले तर सरसाला दोन्ही टोके सोसावी लागतात. त्यात घट्ट विणीचे कापड फार ओल्या हवेत स्वतःच आकसते, आणि नेमक्या त्याच वेळी सरस मऊ पडलेला असल्याने अस्तर सुटून रंगाचे पोपडे निघू शकतात. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते ती वेगळीच, कारण सरस हे बुरशीचे अन्न आहे.

ॲक्रिलिक जेसो

आज दुकानात डब्यावर नुसते ‘जेसो’ लिहिलेले असते तेव्हा आत जवळजवळ नेहमी ॲक्रिलिक जेसो असतो. त्यात सरसाच्या जागी ॲक्रिलिक राळेचे पाण्यातील मिश्रण असते, आणि सोबत खडू किंवा तत्सम भरणा व टायटॅनियमचा पांढरा रंग असतो. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ही उत्पादने बाजारात आली, म्हणजे तैलरंगाखाली त्यांचा अनुभव सुमारे सत्तर वर्षांचा आहे. सरसाच्या तुलनेत हा काळ तोकडा आहे हे खरे. परंतु या काळात त्यांनी हवेतील बदल सरसापेक्षा कितीतरी शांतपणे सोसलेले दिसतात.

त्याची सोय उघड आहे. गरम करायला नको, वास नाही, कुंचले पाण्याने धुता येतात, आणि एक हात काही तासांत वाळतो. वाळलेला थर लवचीक राहतो, म्हणून ताणलेल्या कापडाशी तो जुळवून घेतो. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये बारीक काचपेपर आणि ओल्या फडक्याने धूळ पुसणे, एवढे केले की पोत एकसारखा येतो. काचपेपर मारताना नाकावर मास्क असावा.

इतक्या सोयीमुळे जो निष्काळजीपणा येतो तो मात्र महागात पडतो. डबा पुरवण्यासाठी जेसोत भरमसाट पाणी घालण्याची सवय सर्रास दिसते. पाव हिश्शापेक्षा जास्त पाणी गेले की राळ विरळ होते, थर कमकुवत आणि अतिशोषक बनतो, आणि एक-दोन पातळ हातांतून तेल आरपार जाऊन कॅनव्हासच्या मागच्या बाजूला पिवळसर डाग उमटतात. तसे डाग दिसले तर कापडाचे रक्षण झालेले नाही असे समजावे. कमीत कमी तीन हात द्यावेत, आणि महत्त्वाच्या चित्रासाठी जेसोच्या आधी पातळ ॲक्रिलिक माध्यमाचा (म्हणजे रंग व भरणा नसलेल्या ॲक्रिलिक राळेचा) एक हात कापडाला स्वतंत्रपणे द्यावा. दुसरी चूक घाईची आहे. पृष्ठभाग हाताला कोरडा लागला तरी आतले पाणी पुरते गेलेले नसते. तैलरंग लावण्यापूर्वी किमान तीन दिवस थांबावे, आणि पावसाळ्यात आठवडाभर थांबलेले चांगले.

स्वस्त, विद्यार्थी दर्जाच्या जेसोत भरणा जास्त आणि राळ कमी असते. त्यावर तैलरंग ‘बसतो’, म्हणजे गडद भाग मळकट आणि चमकहीन होतात, आणि काल रंगवलेली छाया आज दुसरीच दिसते. तैलरंगाविषयीच्या कितीतरी तक्रारींचे मूळ रंगात नसून या अस्तरात असते. शेवटच्या हातात थोडे मॅट ॲक्रिलिक माध्यम मिसळल्यास शोषकता खाली येते.

परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना येथेच करतो. ॲक्रिलिक थर गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडीत कडक होतो; अशा हवेत कॅनव्हास गुंडाळू किंवा उलगडू नये. गोठलेला जेसोचा डबाही पुन्हा वापरायच्या लायकीचा राहील याची खात्री नसते.

तेलाचे अस्तर

जवसाच्या तेलात किंवा अल्किड राळेत (तेलापासून बनवलेल्या, लवकर वाळणाऱ्या कृत्रिम राळेत) घोटलेला पांढरा रंग हेच येथे अस्तर असते. पूर्वी हा पांढरा रंग शिशाचा असे, आणि त्याचा थर टिकाऊ व लवचीक असल्याचा लौकिक खरा आहे. पण शिसे विषारी आहे, त्याची धूळ अधिकच धोक्याची आहे, आणि घरात मुले असताना त्याचा विचारही करू नये. आज टायटॅनियमचे अल्किड अस्तर तयार मिळते. ते थेट कापडावर चालत नाही. आधी कापड बंद करावे लागते, म्हणजे धाग्यांपर्यंत तेल जाऊ न देणारा पातळ हात द्यावा लागतो, आणि त्यासाठी सरसाऐवजी कलाकामासाठी बनवलेला, आम्लरहित पीव्हीए (एक कृत्रिम पांढरा) डिंक किंवा ॲक्रिलिक माध्यम वापरावे. मग चाकूने किंवा ताठ कुंचल्याने अस्तराचे दोन पातळ हात द्यावेत. अल्किड असेल तर दुसऱ्या हातानंतर आठवडाभराने रंगवता येते. नुसत्या जवसाच्या तेलाचे असेल तर कित्येक आठवडे, कधी महिने थांबावे लागते. टर्पेंटाइनचा वास आणि तेलाने भिजलेल्या फडक्यांना आपोआप आग लागण्याचा धोका हे या पद्धतीचे ओझे आहे. ती फडकी पाण्यात भिजवून झाकणबंद पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

एवढे सोसून काय मिळते? रंग पृष्ठभागावर राहतो, आत शिरत नाही. कुंचला सरकतो, चुकलेला फटकारा फडक्याने स्वच्छ पुसता येतो, छटा तासन्‌तास मिसळता येतात, आणि गडद रंग वाळल्यावरही खोल दिसतात. व्यक्तिचित्र करणाऱ्याला, विशेषतः त्वचेच्या छटा एकमेकींत विरघळवणाऱ्याला, हा फरक पहिल्याच बैठकीत जाणवतो. ॲक्रिलिक जेसोवर काम करून हात तयार झालेल्याला मात्र सुरुवातीला रंग निसरडा वाटतो. अंधारात ठेवल्यास हे अस्तर थोडे पिवळे पडते आणि उजेडात आणल्यावर बरेचसे पूर्ववत होते.

घरगुती पाककृतींविषयी

कला विद्यालयांच्या आसपास झिंक ऑक्साइड आणि लाकूडकामाचा पांढरा डिंक यांची एक स्वस्त कृती फिरत असते. विद्यार्थ्याच्या खिशाकडे पाहता तिचा मोह समजतो, पण ती सरावापुरतीच ठेवावी. झिंक तेलातील आम्लांशी संयोग पावून कालांतराने थर ठिसूळ करते, असे संग्रहालयांतील संवर्धकांचे निरीक्षण आहे, आणि फर्निचरचा डिंक दीर्घकाळ टिकणाऱ्या कलाकृतीसाठी बनवलेला नसतो. भिंतीच्या प्रायमरचेही तेच. तो न हलणाऱ्या भिंतीसाठी असतो, वाऱ्याने फडफडणाऱ्या कापडासाठी नाही. पैसे वाचवायचेच असतील तर मांजरपाटाचे कापड घ्यावे, जेसो चांगला घ्यावा.

मग कोणते निवडावे?

ताणलेल्या कापडावर, महाराष्ट्र-गोव्याच्या हवेत, पहिली काही वर्षे काम करणाऱ्याने चांगल्या दर्जाचा ॲक्रिलिक जेसो घ्यावा. येथे मला फारसा वाद दिसत नाही. खर्च, वेळ आणि धोका या तिन्ही बाबतींत तो पुढे आहे, आणि त्याचे दोष काळजीने आटोक्यात येतात. व्यक्तिचित्र किंवा संथपणे मिसळत जाण्याची शैली असेल, हवेशीर जागा असेल आणि दोन-तीन आठवडे आधी कॅनव्हास करून ठेवण्याची शिस्त असेल, तर ॲक्रिलिक माध्यमाने बंद केलेल्या कापडावर अल्किड अस्तर हा अधिक सुखाचा मार्ग आहे. पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिक जेसोवर अल्किड अस्तराचा एक पातळ हात देणे हा दोहोंमधला पर्यायही उत्तम चालतो, आणि ज्याला नक्की ठरवता येत नाही त्याने एकाच कॅनव्हासचे दोन भाग करून एकावर हा हात द्यावा व दोन्हींवर एकच रंग चालवून पाहावा. सरस-खडू फक्त फळीसाठी राखावा, आणि तोही चित्र बंद, कोरड्या खोलीत राहणार असेल तर. फळी प्लायवूडची असल्यास मागच्या बाजूलाही तेवढेच हात द्यावेत, नाहीतर ती एका बाजूला वाकते.

तयार कॅनव्हास विकत घेणाऱ्याला वाटते की हा निर्णय आपल्यासाठी कोणीतरी घेतलेला आहे, आणि तो बहुधा ॲक्रिलिकच्याच बाजूने, काटकसरीने घेतलेला असतो. वेष्टनावर तैलरंगासाठी असा उल्लेख आहे का ते पाहावे, उजेडाकडे धरून विणीतून ठिपके दिसतात का ते तपासावे, आणि दिसत असतील तर घरी आणखी दोन हात द्यावेत. जुन्या, फसलेल्या तैलचित्रावर ॲक्रिलिक जेसो फासून तोच कॅनव्हास पुन्हा वापरण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, कारण तेलकट थराला ॲक्रिलिक नीट धरत नाही आणि पुढे सालीसारखे सुटते. तेथे जुना पृष्ठभाग हलका घासून तेलाचेच अस्तर लावावे, किंवा चौकट ठेवून कापड नवे ताणावे.