पांढऱ्या पेशींचं इंजेक्शन: रोजचं घ्यावं की एकदाचं?

आईची केमो खारघरला आणि घर ऐरोलीत. केमोच्या पहिल्या सायकलला, म्हणजे फेरीला, आम्ही रोजचं फिलग्रास्टिम दिलं, पुढच्या सायकलना एकदाचं पेगफिलग्रास्टिम. तुमच्यासमोर हीच निवड असेल, तर डॉक्टरांशी बोलण्याआधी एवढं माहीत असू द्या.

मूळ प्रथिन एकच, जी-सीएसएफ. जंतुसंसर्ग झाला की आपल्याच प्रतिकार पेशी ते सोडतात आणि अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढवायला सांगतात. केमोनंतर मज्जा थकलेली असते, म्हणून हाच निरोप बाहेरून द्यायचा.

फरक आहे तो औषध शरीरात किती टिकतं याचा. साधं फिलग्रास्टिम साडेतीन तासांत निम्मं होतं, म्हणून वजनाच्या किलोमागे 5 मायक्रोग्रॅम या हिशेबाने रोज टोचावं लागतं, पांढऱ्या पेशींचा काउंट सावरेपर्यंत. पेगमध्ये, म्हणजे पेगफिलग्रास्टिममध्ये, त्याच प्रथिनाला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडलेली असते. एवढा मोठा रेणू मूत्रपिंडातून सहज निघून जात नाही; त्याला संपवतात मुख्यतः न्यूट्रोफिलच. पेशी कमी असेपर्यंत औषध रक्तात राहतं, पेशी वाढल्या की त्याच ते फस्त करतात. मला ही रचना फार सुंदर वाटते. मोठ्यांना सायकलमागे 6 मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन पुरतं.

दर तीन आठवड्यांची केमो असेल तर माझा कौल पेगला. एका इंजेक्शनची किंमत जास्त दिसते, पण रोजची सुई, सिस्टरची फी, रिक्षा आणि रविवारी बंद असलेला दवाखानाही हिशेबात धरा. आई तर सुईच्या धास्तीनेच अर्धी व्हायची.

केमो दर आठवड्याला असेल तर मात्र पेग बसत नाही. ते दिल्यावर पुढच्या केमोआधी 14 दिवस जावे लागतात. लहान मुलांनाही 6 मिलिग्रॅमचं तयार इंजेक्शन सरसकट चालत नाही. तिथे रोजचंच बरं, कारण काउंट बघून थांबवता येतं.

केमोनंतरचे 24 तास दोन्ही वर्ज्य. हाडं दोन्हींत दुखतात, आईची कंबर आणि मांड्या ठणकायच्या. दोन्ही 2 ते 8 अंशांत ठेवायची. दुकानातून बर्फाच्या पिशवीत आणा, पण बर्फाला थेट टेकवू नका, गोठता कामा नये. आणि इंजेक्शन कोणतंही घेतलेलं असो, ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.