बाई, खांबाला मुंग्या येतायत

परसात, गच्चीवर किंवा अंगणात दिव्यांच्या माळा टांगून घ्यायचा विचार चालू असेल तर काम देण्याआधी हे वाचा. आमचे पैसे गेले, त्याचं दुःख आहेच. पण आमच्या घरात माणूस जायची वेळ आली होती, म्हणून लिहितेय.

आम्ही नाशिकला रो-हाऊसमध्ये राहतो. मागे साधारण चोवीस बाय सोळा फुटांची शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात तुळस, भिंतीलगत कढीपत्ता. मे महिन्यात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. हॉल नको, घरीच करा, असा आईंचा आग्रह होता. संध्याकाळी मागच्या बाजूला पंगत बसवू, वर पिवळ्या उबदार दिव्यांच्या माळा लावू, ही कल्पना माझी. तेवढ्या एका दिवसासाठी नाही, कायमच्याच लावू म्हटलं. पुढे कोजागिरीला, दिवाळीला उपयोगी पडतील.

एका नर्सरीत त्या माणसाचं कार्ड मिळालं. तो आला, लेझरने मापं घेतली, फार्महाऊसचे फोटो दाखवले. जाताना आईंच्या पाया पडला. मी तिथेच निम्मी विरघळले, हे कबूल करते. कोटेशन चांगलं सविस्तर होतं: पाच ओळी मिळून चाळीस मीटर माळ, आयपी 65 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), पूर्ण तांब्याची वायर, टांगायला स्टीलची दोरी आणि ताण देणारे टर्नबकल, दोन लोखंडी खांब, आणि मागच्या भिंतीवर वेगळ्या डबीत 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. म्हणजे करंट कुठे गळायला लागला की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, आपले इलेक्ट्रिशियन ज्याला सवयीने ईएलसीबी म्हणतात, तोच. त्या एकट्याचे 3,200 रुपये लावले होते. एकूण 26,000.

बिल मागितलं तेव्हा म्हणाला, "पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वाढतील ताई, तुमचंच नुकसान." मी गप्प बसले. ॲडव्हान्स 18,000 यूपीआयने पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं. "भावाचं खातं आहे." त्यावरही गप्प बसले. कार्यक्रम आठ दिवसांवर होता, आमंत्रणं गेली होती.

काम एका दुपारी उरकलं. स्टीलची दोरी कुठे दिसेना म्हणून विचारलं, तर "ती जाड दिसते, लूक जातो, म्हणून बारीक तार टाकलीय" हे उत्तर. ती तार म्हणजे स्लॅबच्या सळया बांधतात ती बाइंडिंग वायर होती. भिंतीवरची डबी त्याने कडेने सिलिकॉन लावून बंद केली होती आणि मला बजावलं, "ही उघडू नका, पाणी जाईल." मी उघडली नाही. उरलेले 8,000 त्याच संध्याकाळी दिले.

कार्यक्रम सुरेख झाला. आईंना एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, वर माळा लुकलुकत होत्या, सगळ्यांनी कौतुक केलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. वाऱ्याने माळा नुसत्या हेलकावत होत्या. तासाभराने पाऊस थांबल्यावर मी दिवे लावले. लागले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फरशीवरचं पाणी काढायला मागे गेल्या आणि लगेच दारात येऊन म्हणाल्या, "बाई, खांबाला मुंग्या येतायत."

मला आधी कळलंच नाही. त्या उजवा हात चोळत होत्या. खराट्यासकट हात खांबाला टेकला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या, म्हणाल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. त्या खांबापासून तुळस दीड हातावर आहे. आई रोज पहाटे अनवाणी, ओल्या हाताने तिथे पाणी घालतात आणि तोल सावरायला तोच खांब धरतात. पहाटेही दिवे रात्रीचे चालूच असायचे. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मेन स्विच बंद केला. दुसऱ्या दिवशी ओळखीतून एक परवानाधारक वायरमन बोलावला. त्यांनी रबरी बूट घालून, कुणाला जवळ येऊ न देता, मिनिटभर पुरवठा चालू केला आणि खांबाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग सगळं बंद करून एकेक गोष्ट उतरवून मला दाखवली.

खांबाच्या टोकाला दोन माळांचा सांधा होता, नुसती काळी टेप गुंडाळलेली. टेप सुटून आत पाणी गेलं होतं आणि उघडे तंतू बाइंडिंग वायरला टेकले होते. ती तार खांबाला चार वेढे मारून बांधलेली. खांबाला अर्थिंग नाहीच. होल्डरमध्ये दिव्याच्या गळ्याशी जी काळी रबरी वायसर लागते, ती एकाही होल्डरमध्ये नव्हती. एक दिवा पिळून काढला तर चमचाभर पाणी सांडलं. प्लगजवळच्या लेबलवर दुसरं लेबल चिकटवलेलं होतं. नखाने सोललं. वर आयपी 65, खाली आयपी 20. यातला दुसरा आकडा पाण्याचा असतो: 5 म्हणजे कुठूनही पाण्याचा झोत आला तरी चालेल, 0 म्हणजे पाण्यापासून संरक्षणच नाही. वायरचा तंतू त्यांनी ब्लेडने खरवडला तर लाल रंग निघून आत पांढरं ॲल्युमिनियम दिसलं, तांब्याचा नुसता मुलामा.

तरीही मी म्हटलं, एवढं सगळं झालं तर तो आरसीसीबी पडायला नको होता का?

त्यांनी सिलिकॉन कापून डबी उघडली. आत आरसीसीबी नव्हताच. आयसोलेटर होता. दिसायला तसाच, तेवढाच रुंद, तशीच काळी दांडी. काम मात्र साध्या स्विचचं, हाताने चालू करा, हाताने बंद करा. तो काही शे रुपयांत मिळतो. "आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतंच," वायरमन म्हणाले, "ते दाबलं की दांडी खटकन खाली पडली पाहिजे. याला बटणच नाही."

डबी उघडू नका असं तो का म्हणाला होता, हे मला तेव्हा समजलं. स्वस्त माळ देऊन पैसे खाणं मी एक वेळ समजू शकते. पण जी वस्तू फक्त जीव वाचवण्यासाठी असते, तिच्या जागी मुद्दाम तशीच दिसणारी दुसरी बसवून वर सिलिकॉन मारणं, याला मी चोरी म्हणत नाही. त्याहून वाईट आहे ते.

घरात एमसीबी आहे ना, असं बरेच जण म्हणतात. मीही म्हटलं होतं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. जास्त भार आला किंवा शॉर्ट झालं की पडतो. आमचा 6 अँपिअरचा, म्हणजे 6,000 मिलिॲम्पिअर. आरसीसीबी 30 ला पडतो, दोनशे पट आधी. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटचा एमसीबीला पत्ताही लागत नाही.

त्या माणसाचा फोन आधी दोन दिवस वाजत राहिला, मग बंद झाला. कार्डावर पत्ता नाही, बिल नाही, पैसे भलत्याच्या खात्यावर. ग्राहक हेल्पलाईनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यांनी पहिलं विचारलं ते बिल आहे का. माझ्याकडे व्हॉट्सॲपवर आलेलं कोटेशन, यूपीआयची पावती आणि उतरवताना काढलेले फोटो होते. तेच आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून दाखल केलेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कार्यक्रमाच्या गडबडीत राहून गेलं म्हणून कुणी गप्प बसू नका.

तुमच्याकडे माळा आधीच लागलेल्या असतील तर आज एवढंच करा. घरातल्या सगळ्यांना आधी सांगा, दिवे चालू असताना पुरवठ्याच्या डबीपाशी जा, हात कोरडा असू द्या, आणि टीचं बटण दाबा. दांडी पडली नाही, किंवा बटणच नसेल, तर माळा बंद ठेवा आणि परवाना असलेल्या माणसाला बोलवा. नवीन काम देत असाल तर ते बटण त्याला तुमच्यासमोर दाबायला लावल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. बिलाचे अठरा टक्के खुशाल भरा. माझे 26,000 वाचवायला त्याच कागदाचा उपयोग झाला असता.

आम्ही खांब काढून टाकले. आयसोलेटर, सोललेलं लेबल आणि तो टेपचा सांधा पिशवीत घालून कपाटात ठेवलाय, सुनावणीला दाखवायला. मावशींना विचारलं, डॉक्टरकडे जाऊन येऊ का. नको म्हणाल्या, पण दोन दिवस त्या मागच्या दाराने आल्या नाहीत.