रोबोट फ्रेमवर्कचा लॉग फुगलाय? लॉगलेव्हल, रिमूव्हकीवर्ड्स की फ्लॅटनकीवर्ड्स

रोबोट फ्रेमवर्क हे ऑटोमेटेड टेस्ट चालवायचं टूल. त्यातला सूट, म्हणजे टेस्टचा संच, मोठा झाला की लॉगची एचटीएमएल फाइल उघडतानाच ब्राउझरला धाप लागते, आणि उघडल्यावर बघावं तर पास झालेल्या स्टेप्सचंच पुराण. ते कमी करायला तीन ऑप्शन आहेत पण तिघांची कात्री वेगवेगळ्या जागी चालते.

बहुतेक जण आधी लॉगलेव्हलला, म्हणजे कुठल्या पातळीपर्यंतचे मेसेज नोंदवायचे त्या सेटिंगला, हात घालतात, डीफॉल्ट इन्फो असतं ते वॉर्न करून मोकळे. लॉग बारीक होतो खरा, पण इन्फोचे मेसेज मग आउटपुट एक्सएमएल या रनच्या मूळ निकालाच्या फाइलमध्येसुद्धा जात नाहीत, म्हणजे रात्रीच्या रनमध्ये काही फेल झालं तर सकाळी ते मेसेज कुठूनच मिळणार नाहीत, परत रन करा, आणि टेस्ट फ्लेकी, म्हणजे कधी पास कधी फेल होणारी, असली तर नेमकी तेव्हा ती पास होणार! मला हे अजिबात पटत नाही. त्यापेक्षा लेव्हल 'डीबग:इन्फो' अशी जोडीने द्या, नोंद डीबगपर्यंत, म्हणजे इन्फोहूनही बारीक, होते आणि लॉग उघडल्यावर इन्फोच दिसतं. फाइल लहान होत नाही हां यानं, फक्त डोळ्यांचा त्रास कमी.

रिमूव्हकीवर्ड्स रनच्या वेळी दिलं तर फक्त लॉगवर चालतं, आउटपुट एक्सएमएल जशीच्या तशी राहते, त्यामुळे नंतर रीबॉटने, म्हणजे एक्सएमएलमधून लॉग बनवणाऱ्या सोबतच्या टूलने, पूर्ण लॉग परत काढता येतो. माझं मत इथेच पडतं. यात 'पास्ड' मोड दिला की पास झालेल्या टेस्टचे कीवर्ड, म्हणजे टेस्टमधल्या स्टेप्स, जातात, वॉर्निंग असलेले मात्र राहतात, आणि फेल झालेल्या टेस्टना धक्का लागत नाही. 'फॉर' मोडमध्ये लूपच्या पास झालेल्या फेऱ्यांतली शेवटचीच उरते. आणि 'वुक्स', नाव विचित्र आहे पण कामाचा हाच, कारण 'वेट अनटिल कीवर्ड सक्सीड्स' एक मिनिटभर दर 2 सेकंदांनी ट्राय करत बसला की तीच एरर वीस-पंचवीस वेळा छापली जाते, त्यातली शेवटची सोडून बाकीच्या फेल फेऱ्या हा उडवतो. 'ऑल' तर सगळंच काढतो, वॉर्निंगवालेसुद्धा, तो फक्त आकडे बघणाऱ्यांसाठी.

फ्लॅटनकीवर्ड्स मेसेज ठेवतो पण आतले कीवर्ड काढून सगळे मेसेज वरच्या कीवर्डखाली आणतो. कीवर्डच्या आत कीवर्डच्या आत कीवर्ड अशी रचना असेल तर वाचायला बरं, मेमरीही कमी लागते कारण फाइल वाचतानाच हे होतं, फक्त फेल नेमका कुठल्या आतल्या स्टेपला झाला ते शोधताना डोकं खाजवावं लागेल.

म्हणून रोजच्या सीआय, म्हणजे आपोआप होणाऱ्या, रनला 'पास्ड' आणि 'वुक्स' दोन्ही द्या, ऑप्शन एकापेक्षा जास्त वेळा देता येतो. फ्लॅटन फक्त त्या दोन-चार युटिलिटी कीवर्डना लावा ज्यांच्या आत कोणी कधी डोकावत नाही. प्रॉब्लेम डिस्कचाच असेल तर जुन्या रनच्या एक्सएमएल रीबॉटमधून 'पास्ड' लावून नव्याने काढा आणि मूळ फाइल डिलीट करा, पण मग काढलेलं परत येणार नाही, तेव्हा ताज्या रनना हात लावू नका.