तिथी पाहून ठरवायची सहल : खाडीकाठच्या एका गावाची कांदळवन सफर

सफरीची नोंदणी करण्यासाठी फोन केला तेव्हा मी तारीख सांगितली आणि पलीकडच्या बाईंनी उलट विचारले, "त्या दिसाक तिथी खयची?" माझ्यासमोर पंचांग नव्हते, त्यांच्या भिंतीवर कालदर्शिका होती. दशमी निघाली. "दशमीची पाऊणपट साडेसात. सात वाजता धक्क्यार येवा," असे सांगून त्यांनी फोन ठेवला. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातल्या दर्यावर्दी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे. एखाद्या पर्यटन सेवेचे वेळापत्रक त्यावर बेतलेले मी प्रथमच पाहिले.

देवगड आणि वेंगुर्ला यांच्या दरम्यानच्या या गावाचे नाव येथे देत नाही. त्यांच्याकडे दोनच होड्या आहेत आणि एका होडीत सहापेक्षा अधिक माणसे घेत नाहीत, त्यामुळे गर्दी लोटली तर ती त्यांना झेपणार नाही; शिवाय पुढे मी ज्या उणिवा लिहिणार आहे त्या नवख्या उपक्रमाच्या आहेत आणि त्यांचा शिक्का गावावर बसावा अशी माझी इच्छा नाही. जिल्ह्यात चौकशी केल्यास अशा सफरींचा पत्ता सहज लागतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातील महिलांनी सुरू केलेली कांदळवन सफर आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आणि या गावच्या बायकाही आधी तीच पाहून आल्या होत्या.

हा उपक्रम म्हणजे केवळ नौकाविहार नव्हे, हे समजण्यासाठी थोडी मागची हकिकत सांगावी लागेल. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, परंतु जिल्ह्याच्या १२१ किलोमीटरच्या किनाऱ्यावर पर्यटन म्हणजे काय असावे, हे ठरवताना मच्छीमार वाड्यांना फारसे कोणी विचारले नाही. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, आणि ज्या झाडीतून सरपण येत होते तिला हात लावायचा नाही, असे खाडीकाठच्या लोकांना सांगितले जाऊ लागले. ते योग्यच होते, पण त्या बदल्यात पोटापाण्याचे काय, हा प्रश्न शिल्लक होता. कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना २०१७ मध्ये आली ती या प्रश्नाला उत्तर म्हणून. तिच्यानुसार गावात सहव्यवस्थापन समिती नेमायची, समितीने गावाचा सूक्ष्म आराखडा तयार करायचा, आणि खेकडापालन, कालवांची शेती किंवा निसर्ग पर्यटन यांपैकी जे गावाला जमेल ते गटाने हाती घ्यायचे. सामूहिक प्रकल्पाच्या खर्चातील ९० टक्के वाटा शासनाचा आणि १० टक्के गटाचा असतो. कागदावर असे पुष्कळ काही चांगले असते. मला उत्सुकता होती ती गावाने आपला आराखडा प्रत्यक्षात कसा वापरला आहे याची.

तो आराखडा मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये, बर्फाच्या पेट्यांच्या वरच्या भिंतीवर टांगलेला आहे. चार ड्रॉइंग पेपर चिकटवून केलेला, हाताने रंगवलेला खाडीचा नकाशा. खेकड्यांच्या कुंपणाची जागा पिवळी, नवी रोपे लावलेली जागा हिरवी, आणि पक्ष्यांच्या विणीमुळे कोणीच जायचे नाही असा फाटा तिरप्या रेघांनी भरलेला. होडीचा मार्ग निळ्या अखंड रेषेने दाखवला आहे, तर ओहोटीच्या वेळी पाहुण्यांना चिखलातून चालत न्यायची वाट निळ्या ठिपक्यांची आहे. या ठिपक्यांवर मध्येच लाल पेनाने जाड काट मारलेली आहे आणि वाट वळसा घालून दुसरीकडून नेलेली आहे. त्या लाल रेषेकडे मी पुन्हा येईन.

सफर वल्ह्यांच्या होडीतून होते. इंजिन मुद्दामच लावलेले नाही, आणि ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. गेल्या वर्षी किनाऱ्यावर दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला इंजिनाच्या होडीतून डॉल्फिनच्या मागे अक्षरशः पिटाळण्यात आले होते. दहा मिनिटांत सात होड्या एका कळपाभोवती जमल्या, आणि परतताना डोक्यात उरला तो फक्त डिझेलचा वास. येथे वल्ह्याच्या टोकावरून ठिबकणारे पाणीही ऐकू येते. "मधीच उठा नको, होडी कलंडतली," एवढी एकच सूचना झाली. एक बाई वल्हवत होत्या आणि दुसऱ्या माहिती देत होत्या, तीही कोणी पाठ करून घेतल्यासारखी नव्हे. त्यांनी तिवराचे पान तोडले नाही, फांदी खाली वाकवली आणि माझ्या आठ वर्षांच्या पुतणीला ते जिभेने चाटून पाहायला सांगितले. मुळांनी घेतलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते, ही गोष्ट तिला त्यानंतर वेगळी समजावून सांगावी लागली नाही. २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित झालेली पांढरी चिप्पी पुढच्या वळणावर होती. तिची फुले रात्री उमलतात आणि सकाळी त्यांचे पांढरे केसर गळू लागतात, त्यामुळे झाडाखालच्या पाण्यावर ते रेशमाच्या गुंतवळासारखे तरंगत होते. कांदळाच्या लांब हिरव्या शेंगांकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, "ह्येचा बी आवशीच्या अंगारच रुजता, मगे खाली पडता." झाडावरच कोंब फुटलेली ती शेंग ओहोटीत पडली तर चिखलात उभी रुतते आणि भरतीत पडली तर पाण्याबरोबर दुसऱ्या काठाला जाते, हे त्यांनी हाताच्या एकाच हालचालीत दाखवले.

खेकड्यांच्या कुंपणापाशी होडी थांबते. पूर्वी सर्व कुर्ल्या एकत्र सोडलेल्या होत्या. पण कात टाकून मऊ झालेल्या कुर्लीला बाकीच्या कुर्ल्या खाऊन टाकतात, त्यामुळे पहिल्या वर्षी नुकसान झाले आणि आता प्रत्येकीला स्वतंत्र पेटी दिलेली आहे. हे नुकसान पाहुण्यांपासून लपवले जात नाही, याचे मला विशेष वाटले. ब्राह्मणी घार, खंड्या आणि ढोकरी हे पक्षी आम्हाला दिसले. अधिक पक्षी दिसतील असे आश्वासन कोणी दिले नव्हते.

सफरीचा दुसरा भाग म्हणजे दुपारच्या ओहोटीची चिखलफेरी. या फेरीत काट मारलेल्या वाटेचा उलगडा झाला. चिखलात बसून कोयत्याच्या टोकाने मुळे, म्हणजे चिखलातले खाण्याचे शिंपले, उकरणाऱ्या एका वयस्कर बाईंशी माझी पत्नी बोलू लागली, तेव्हा त्यांनी सांगितले की पहिल्या आराखड्यातील पाहुण्यांची वाट थेट त्यांच्या मुळ्यांच्या जागेवरून जात होती. "आमका कोणी बोलावलाच नाय. बैठक भरली तेव्हा आमी सुकतीक गेलेलो." सुकती म्हणजे ओहोटी. मला आधी ही नेहमीची तक्रार वाटली, नंतर शेडमध्ये विचारले तेव्हा तिच्यातला हिशेब कळला. समितीच्या बैठका पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमारास होत असत, कारण चांदण्या रात्री जाळ्याला मासळी कमी लागते आणि पुरुष मोकळे असतात. मात्र पौर्णिमेची पूर्ण भरती बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला उधाणाची सर्वांत मोठी ओहोटी. मुळे आणि तिसऱ्या हे शिंपले काढणाऱ्या बायकांना महिन्यातील सर्वांत चांगला चिखल त्याच वेळी मिळतो. ज्यांच्याकडे होडी नाही, जाळे नाही आणि जे काही आहे ते त्या चिखलातच आहे, त्याच बायका अशा रीतीने नकाशाबाहेर राहिल्या. कोणी त्यांना हेतुपुरस्सर वगळले नव्हते. पुढे पाहुण्यांच्या पावलांनी जागा तुडवली जाऊ लागल्यावर भांडण झाले, वाट बदलली, आणि आता बैठकीची वेळही पाऊणपट करून, बायका चिखलात नसतील अशी ठरवली जाते. सर्वांच्या सहभागाने केलेले म्हणून जे आराखडे मी आजवर पाहिले त्यांत शेवटच्या पानावर सह्यांची रांग असते. चूक दुरुस्त केल्याची खूण मी येथेच पाहिली, आणि नवा स्वच्छ नकाशा काढण्याऐवजी हाच भिंतीवर ठेवला हेही गावाने बरे केले.

दुपारच्या जेवणात बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी आणि मुळ्यांचे सुके होते. हे मुळे त्याच बायकांकडून विकत घेतले जातात. शाकाहारी असलेल्या माझ्या वडिलांसाठी कुळथाची पिठी आणि भाकरी वेगळी केली होती. चव उत्तम होती, पण जेवण सांगितलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा आले. त्या उशिराची तरी पाऊणपट करू नये, असे मी गमतीने म्हणालो, आणि ते कोणाला फारसे आवडले नाही.

आता उणिवा. लहान मुलांच्या मापाचे जीवरक्षक जाकीट नव्हते. पुतणीला मोठ्यांचेच जाकीट दोरीने आवळून घातले गेले. ही बाब किरकोळ नाही आणि पुढच्या हंगामापूर्वी ती दुरुस्त झालीच पाहिजे. स्वच्छतागृह धक्क्यापासून दूर, शाळेच्या आवारात आहे. पैसे रोखच न्यावेत, कारण खाडीकाठी मोबाईलला रेंज मिळत नाही. दर माणशी वाजवी आहे, शहरातल्या दोन सिनेमा तिकिटांपेक्षा कमी. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे आणि आधाराला कठडा नाही, त्यामुळे वडिलांनी होडीत उतरण्याचे टाळले व सकाळचे दोन तास शेडमध्ये जाळी विणणाऱ्यांशी गप्पा मारण्यात घालवले. कठड्याची नोंद आराखड्यात आहे, परंतु परवानगीचा अर्ज एका कार्यालयात बराच काळ पडून आहे, असे समजले. योजनेच्या पैशातून होडी आली खरी. दरवर्षी तिच्या फटी बुजवून तेल देण्याचा खर्च मात्र गटालाच करावा लागतो, आणि पावसाळ्यात सफर बंद असल्याने तो उरलेल्या महिन्यांच्या तिकिटांतूनच काढून ठेवावा लागतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत घरात दुसरी मिळकतही नसते. अनुदान देणाऱ्यांनी होडीच्या किमतीबरोबर तिच्या आयुष्याचाही हिशेब मांडायला हवा होता, असे माझे मत झाले.

सर्वांत मोठी तक्रार पाण्याचीच आहे. दशमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी चढते पण जेमतेम. आतल्या अरुंद फाट्याच्या तोंडाशी होडीचा तळ चिखलाला घासला आणि आम्हाला तेथूनच परतावे लागले; दोन्ही काठांच्या फांद्या डोक्यावर कमानीसारख्या मिळतात तो भाग म्हणे त्याच फाट्यात आहे. भरतीची वेळ अचूक सांगणाऱ्या बाईंनी तिचा जोर किती असेल हेही फोनवर सांगायला हवे होते. मी तसे म्हटल्यावर त्यांनी ते मान्य केले आणि अडचणही सांगितली: बहुतेक पाहुण्यांना सकाळचीच वेळ हवी असते, आणि या किनाऱ्यावर सकाळची भरती बहुधा भांगातच सापडते. उधाणाचे भरपूर पाणी येते ते ऐन दुपारी. गार ऊन आणि भरलेली खाडी एकत्र मागणाऱ्याला दोन्हींपैकी एक सोडावेच लागते.

आम्ही ऊन पत्करले आहे. पुढची नोंदणी अमावास्येनंतरच्या तृतीयेची केली. पाऊणपट सव्वादोन, टोप्या आणि मुलीच्या मापाचे जाकीट आम्हीच घेऊन जाणार. त्या भरतीला पाणी धक्क्याच्या सर्वांत वरच्या पायरीला लागते आणि होडी तिच्या बरोबरीला येते, त्यामुळे वडिलांना शेवाळावरून उतरावे लागणार नाही, हे बाईंनी न विचारता सांगितले.