'एकत्र वाढवलेले' शिकारी मासे आणि माझे 14,100 रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो, कारण घरात ती सांगायला मला तीन आठवडे लागले. चार माशांचे 7,200 रुपये, ते चारही 'लहानपणापासून एकत्र वाढवलेले' म्हणून वरचे 3,000, वाहतुकीचे 1,500 आणि सगळे बिघडल्यावर बदली मासे पाठवण्याच्या नावाखाली उकळलेले 2,400, असे एकूण 14,100 रुपये मी एका ऑनलाइन विक्रेत्याला स्वतःच्या हाताने यूपीआयने पाठवले. मी नवखा नाही. नऊ वर्षे मासे पाळतो आहे, आणि शिकारी माशाच्या तोंडात जो मावेल तो त्याचे भक्ष्यच, हा नियम मी स्वतः इतरांना सांगत आलो आहे. म्हणूनच हे लिहिताना राग जितका येतो, तितकीच लाजही वाटते.

संचात एक सिल्व्हर अरोवाना, दोन ऑस्कर आणि एक रेड टेल कॅटफिश होता. विक्रेत्याचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता: अरोवाना पृष्ठभागाजवळ फिरतो, ऑस्कर मधल्या पाण्यात राहतो आणि कॅटफिश तळाशी बसतो, शिवाय तिन्ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणजे निसर्गातही एकत्रच नांदणारे. यातले प्रत्येक विधान अर्धे खरे आहे आणि फसवणूक नेमकी त्या अर्ध्यावरच उभी राहते. नदीत पळायला जागा असते. माझी टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तरी साधारण 565 लिटरची. तीन थरांचा हिशेबही दिवसापुरताच खरा, कारण रेड टेल कॅटफिश रात्री हिंडतो आणि त्या वेळी तो कोणताही थर मानत नाही.

तरीही मी पैसे पाठवले ते एका चित्रफितीमुळे. चाळीस सेकंदांच्या त्या चित्रफितीत कॅटफिश तळाशी शांत बसला आहे आणि त्याच्या अगदी वर, वीतभर अंतरावरून, अरोवाना संथपणे जातो आहे. पैसे देण्यापूर्वी मी ती निदान दहा वेळा पाहिली. तेविसाव्या सेकंदाला विक्रेता पाण्यावर चिमूटभर पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याचे तरंगणारे दाणे, टाकतो. फिल्टरच्या प्रवाहाबरोबर ते दाणे मागून समोरच्या काचेकडे तरंगत येतात आणि भर पाण्यात, जिथे अडायला काहीही नाही, तिथे थांबतात. एकामागून एक दाणे येऊन एका सरळ रेषेत जमा होतात, जागच्या जागी थरथरतात, पण पुढे सरकत नाहीत. समोरच्या काचेला समांतर अशी पारदर्शक ॲक्रिलिकची शीट पाण्यात उभी केलेली होती. अरोवाना तिच्या अलीकडे होता आणि कॅटफिश पलीकडे. समोरून पाहणाऱ्याला ती शीट दिसत नाही. दिसते ती फक्त तिच्यापाशी अडलेल्या पेलेटची ओळ. ती ओळ मी पाहिली होती. 'पाणी किती स्थिर ठेवले आहे,' असे कौतुकही मनात केले होते. आजही डोळे मिटले की मला ते दाणेच दिसतात.

एक सांगितले पाहिजे, मी अगदीच भाबडेपणाने वागलो नाही. असे मासे एकत्र ठेवलेल्या मोठ्या टाक्या जगात खरोखर आहेत. मात्र त्या हजारो लिटरच्या असतात, त्यांतले मासे सारख्या आकाराचे असतात आणि मालकाकडे बिघडल्यावर हलवायला दुसरी टाकी तयार असते. याच माणसाने मला कागदपत्रांशिवाय आशियाई अरोवानाही देऊ केला होता आणि तो मी तत्काळ नाकारला होता. ती जात 1975 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. पैदास केंद्रातून कायदेशीरपणे विकल्या जाणाऱ्या माशाला मायक्रोचिप आणि प्रमाणपत्र असते, हे मला ठाऊक होते. जो माणूस तसा मासा विनाकागद विकायला काढतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास का ठेवला, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

मासे आले ते चार वेगवेगळ्या पिशव्यांतून. वाहतुकीत शिकारी मासे वेगळेच भरतात, म्हणून त्याचे काही वाटले नाही. पण कॅटफिश पाच इंचांचा सांगितला होता आणि आला तो आठ इंचांचा. अरोवाना मात्र सहा इंचांचाच होता. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "दादा, तुमचाच फायदा झाला की, मोठा मासा आला." खरे तर तो मासा मी टाकीत सोडायलाच नको होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी अरोवाना दिसेना. अरोवाना उडी मारतो म्हणून मी झाकणावर वजन ठेवले होते, तरी आधी टाकीमागची फरशी शोधली. मग कोपऱ्यात पाहिले. कॅटफिश पोट फुगवून बसला होता आणि त्याच्या तोंडातून अरोवानाच्या शेपटीचा दोन इंचांचा चंदेरी तुकडा बाहेर आलेला होता. कल्ले हलले की तो तुकडाही हलत होता. दुपारी त्याने अर्धवट पचलेला मासा ओकून टाकला, पाणी दुधासारखे गढूळ झाले आणि अमोनिया इतका चढला, की निम्मे पाणी दोनदा बदलूनही एक ऑस्कर सहाव्या दिवशी मेला. दुसरा मी एका परिचिताला दिला.

विक्रेता आधी गोड बोलला. हमी फक्त मेलेला मासा पोहोचला तरच लागू, पण 'तुमच्यासाठी' तो नवा अरोवाना आणि नवा ऑस्कर पाठवेल, फक्त वाहतूक आणि विम्याचे 2,400 आधी द्यावे लागतील. मी दिले. आधीच गेलेले पैसे वाचवण्यासाठी माणूस आणखी पैसे देतो, हे आपण दुसऱ्यांच्या बाबतीत किती सहज ओळखतो! त्या संध्याकाळी त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला.

मग सुरू झाल्या कार्यालयांच्या फेऱ्या. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "मासे खायचे की बघायचे?" दुसरा असा, "माशाने मासा खाल्ला, यात गुन्हा काय झाला, साहेब?" मी पेलेटची ओळ दाखवली, चित्रफीत थांबवून ॲक्रिलिकची शीट समजावून सांगितली, समोरच्या अंमलदाराने मोबाइल शेजारच्याला दिला, दोघे हसले आणि अर्ज 'चौकशीसाठी' ठेवून घेतला. पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेलेले. बँकेने सांगितले की व्यवहार मी स्वतः केला, म्हणून तो फसवणुकीत बसत नाही. ज्या समाजमाध्यमावर जाहिरात होती, त्यांनी 'नियमांचे उल्लंघन आढळले नाही' असा छापील निरोप धाडला. मत्स्यव्यवसायाशी संबंधित एका कार्यालयाने शोभेचे मासे आपल्याकडे येत नाहीत म्हटले आणि मला ज्या दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवले, त्याने पुन्हा पहिल्याचेच नाव सांगितले. मासा म्हटला की प्रत्येकाला एक तर भूक लागते, नाही तर हसू येते.

1930 या सायबर मदत क्रमांकावर मी नवव्या दिवशी फोन केला. तो पहिल्या तासात करायचा असतो, म्हणजे समोरच्या खात्यातली रक्कम गोठवण्याची काही तरी शक्यता उरते. ग्राहक आयोगाचा मार्ग मला उशिरा कळला: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण त्यासाठी विक्रेत्याचे नाव आणि पत्ता हवा. माझ्याकडे फक्त त्याचा यूपीआय आयडी होता. पैसे देण्याआधी पत्ता असलेले बिल मागा. जो देत नाही, त्याला तिथेच सोडा. चित्रफीत मागाल तर एका बाजूची घेऊ नका. कॅमेरा वरून, बाजूने आणि रात्री दिवा बंद केल्यानंतर हवा, आणि शक्य असेल तर त्याला टाकीत हात घालून समोरून मागच्या काचेपर्यंत फिरवायला सांगा. 'टाकीच्या आकाराइतकाच मासा वाढतो' असे म्हणणाऱ्याशी तर पुढचे बोलणेच नको. लहान टाकीत मासा खुरटतो आणि आजारी पडतो. रेड टेल कॅटफिश मुळात एक मीटरहून मोठा होणारा प्राणी आहे.

तो कॅटफिश अजून माझ्याकडेच आहे. आता चौदा इंचांचा झाला आहे, एकटाच राहतो आणि वळताना त्याची शेपटी काचेला लागते. तीन दुकानांनी त्याला फुकटही घेतले नाही. एकाने "नदीत सोडून द्या" असा सल्ला दिला, जो ऐकून माझी सगळ्यांत जास्त चिडचिड झाली. 2023 मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा मूळचा अमेरिकेतला शिकारी मासा सापडला, तोही तिथे आपोआप उगवला नव्हता. आठ फुटी टाकीसाठी मी सध्या पैसे साठवतो आहे.

गेल्या आठवड्यात तीच चित्रफीत दुसऱ्या नावाच्या खात्यावर पुन्हा दिसली. संचाची किंमत आता 12,900 रुपये आहे. खाली कोणी तरी विचारले होते, "हे खरंच भांडत नाहीत का?" मी तेविसावा सेकंद पाहायला सांगितले. दहा मिनिटांत माझे उत्तर काढून टाकले गेले.